दिसलं ते लिहा

बालशिक्षण पदविकेच्या वर्षात आमचा सगळ्यात जास्त वेळ कशात गेला असं कुणी विचारलं, तर खरं उत्तर थर्माकोल कापण्यात. थर्माकोलचं आंब्याचं झाड, थर्माकोलची आगगाडी, कडेला चमकी. सजावटीच्या थर्माकोलवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण ती पदविकेच्या शैक्षणिक साहित्याच्या प्रदर्शनापर्यंत पोचलेली नसावी. हे आधीच सांगून टाकते, कारण 'ताई, कोर्सला जाऊ का?' असं विचारणाऱ्या बायकांना मी नेहमी जा म्हणते, आणि पहिल्याच महिन्यात त्यांचा फोन येतो की इथे तर नुसतं कात्री आणि डिंक चाललंय. चाललेलं असतंच. पण त्या सगळ्या पसाऱ्यात एक निरीक्षण वही असते. तिच्यासाठी जा.

मी अमळनेर तालुक्यातली. बारावी, मग लग्न, मग मुलं, मग गावातल्या एका खासगी बालवाडीत मदतनीस. मदतनीस म्हणजे नाकं पुसायची, चपला जोडीने लावायच्या, आणि टीचर सुट्टीवर असली की फळ्यावर मुळाक्षरं काढून पोरांकडून घोकून घ्यायची. टीचर व्हायचं तर कागद पाहिजे असं संस्थेने सांगितलं, म्हणून जळगावला प्रवेश घेतला. गुणपत्रक, दाखला, आधार हे सगळ्यांनाच लागतं. लग्नानंतर नाव बदललेल्या बाईचा मात्र इथे एक जास्तीचा फेरा होतो. गुणपत्रकावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, आणि दोन्ही बाया एकच आहेत हे सिद्ध करायला राजपत्र नाहीतर प्रतिज्ञापत्र. आमच्या वर्गातल्या अर्ध्याअधिक जणी त्या कागदासाठी तहसीलला जाऊन आलेल्या होत्या. ओळखी तिथपासूनच्या.

घरी विरोध असा नव्हता. सासूबाई फक्त म्हणाल्या, "पोरेसले खेळाडाले बी कालेज लागस का व माय?" त्यांनी स्वतः वावरातली कामं सांभाळून पोरं वाढवली, त्यांना हे विचारायचा अधिकार आहे. माझ्याकडे तेव्हा उत्तर नव्हतं, म्हणून डबा भरून निघाले.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट आहे, तरी मी रेल्वेच धरायचे. एसटीच्या धक्क्यांत लिहिता येत नाही. भुसावळकडे जाणाऱ्या गाडीत बायकांच्या डब्यात जागा मिळाली की धरणगाव, पाळधी जाईपर्यंत एक पाठ टाचण, म्हणजे शिकवायच्या पाठाची लेखी आखणी, हातावेगळं व्हायचं. शेजारी भाजीच्या टोपल्या, नर्सिंगच्या मुली, आणि रोज कुणीतरी विचारणार, "काय लिहिताय?" बालवाडीचं कॉलेज म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: "त्याला पण परीक्षा असते?"

असते. आणि इतिहासही असतो. जर्मनीत फ्रोबेलने १८३७ मध्ये बालोद्यान काढलं, मारिया मॉन्टेसरींनी १९०७ मध्ये रोममधल्या गरीब वस्तीत पहिलं बालगृह (लहान मुलांची शाळाच ती) उघडलं, भावनगरला गिजुभाई बधेका, त्यांच्याबरोबर काम करून पुढे महाराष्ट्रात आलेल्या ताराबाई मोडक, १९२६ चा नूतन बालशिक्षण संघ, १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई आणि अनुताई वाघ. पियाजे आणि व्हिगॉट्स्की हे मानसशास्त्रज्ञ दोघंही १८९६ सालच्या जन्माचे, हे पाठ करायला सोपं. हा भाग बहुतेक जणी गाईडवरून करतात. मीही तसाच केला. त्यातली ताराबाईंची कुरणशाळा तेवढी डोक्यात राहिली: मुलं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर शाळाच कुरणात न्यायची. परीक्षेत दोन ओळींचं उत्तर आहे ते. मला त्याचा अर्थ सातपुड्यात कळला, पण ते पुढे.

साहित्य बनवण्यात एक गोष्ट मात्र मनापासून आवडली, ती म्हणजे मॉन्टेसरींचा गुलाबी मनोरा. दहा लाकडी ठोकळे, सर्वात लहान एक सेंटिमीटरचा, सर्वात मोठा दहाचा, मधले एकेक सेंटिमीटरने वाढणारे. बाजारातला परवडेना, म्हणून गावच्या सुतारभाऊंकडे गेले. त्यांनी माप ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, एक सेंटिमीटरचा कशाला, पहिल्याच दिवशी हरवेल. आणि सगळे एकाच रंगाचे काय? मी दहा रंगांत करून देतो, पोरं खूश होतील." मला वर्गात ऐकलेलं आठवत होतं, पण सुतारभाऊंना सांगताना ते मला पहिल्यांदा नीट समजलं. रंग वेगळे केले तर मूल रंग बघून रचेल. रंग एक, लाकूड एक, आकार एक ठेवला की फरक उरतो तो फक्त लहानमोठेपणाचा, आणि त्याला तोच शोधावा लागतो. चुकलं तर मनोरा पडतो किंवा वेडावाकडा दिसतो, बाईने सांगावं लागत नाही. भाऊंनी मोठा ठोकळा आणि लहान ठोकळा दोन हातांत तोलून पाहिले, मनाशी हिशेब केला आणि म्हणाले, "याच्यात ते हजार मावतील की." बरोबर हजार. त्यांनी बारका ठोकळा एकाऐवजी तीन करून दिले, हरवतील म्हणून. त्यातला एक आजही शिल्लक आहे.

आता निरीक्षण वही.

नियम असे होते. बालकाचं नाव लिहायचं नाही, 'बालक क' असं लिहायचं. वय वर्षं आणि महिन्यांत लिहायचं. वेळ घड्याळ बघून लिहायची. दहा मिनिटं बसायचं, मध्ये बोलायचं नाही, मदत करायची नाही, पडलं-लागलं तरच उठायचं. आणि जे दिसलं तेच लिहायचं. ऐकायला हे सोपं वाटतं. मॅडमनी आधीच्या तुकडीच्या वह्यांतली वाक्यं फळ्यावर लिहिली होती: 'बालक हट्टी आहे.' 'बालक एकलकोंडे आहे.' 'बालकाचे लक्ष नाही.' मग आम्हाला विचारलं, यातलं डोळ्याला काय दिसलं? काहीच नाही. हट्ट दिसत नाही. दिसतं ते एवढंच, की डबा मागितल्यावर त्याने तो छातीशी धरला आणि मान फिरवली. एका वाक्यात हट्टी म्हणून टाकलं की चौकशी तिथेच संपते, असं मॅडमचं म्हणणं. वहीत 'वाटते' हा शब्द आला की त्या लाल शाईने गोल करायच्या. सुरुवातीला सगळ्यांच्याच वह्या गोलांनी भरलेल्या.

माझं सरावाचं केंद्र धरणगावजवळच्या एका गावातली अंगणवाडी होती. अंगणवाडीबद्दल बाहेरून बोलणारे पुष्कळ असतात, म्हणून थोडं सांगते. २ ऑक्टोबर १९७५ ला देशभरात ३३ प्रकल्पांनी ही योजना सुरू झाली, त्यात आपल्या राज्यातलं मेळघाटातलं धारणी होतं. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज पडल्यास पुढच्या दवाखान्यात पाठवणं), पोषण आणि आरोग्याचं शिक्षण, आणि पूर्वशालेय शिक्षण अशा सहा सेवा. सेविकाताईंचा दिवस या सहांत वाटलेला असतो. सकाळी आल्या की हजेरी, आहार, वजनं, मोबाइलवर पोषण ट्रॅकरमध्ये नोंदी, त्यात रेंज गेली की पुन्हा नोंदी. आम्हालाही वजन-उंची घ्यायला आणि कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी लावायला शिकवलं होतं: सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंड साडेअकरा सेंटिमीटरपेक्षा कमी भरला तर लाल, साडेबारापर्यंत पिवळा, वर हिरवा. हे सगळं झाल्यावर शिक्षणाला जो वेळ उरतो त्यात ताई गाणी घेतात, गोष्ट सांगतात, रांगोळीचे ठिपके मोजून घेतात. तेवढ्या वेळात एवढं कुणी करून दाखवावं.

माझा 'बालक क' तीन वर्षं आठ महिन्यांचा. ताई म्हणाल्या, "हा बोलत नाही. घरचेही म्हणतात उशिरा बोलला. गाण्यात तोंड हलवत नाही." मी कोपऱ्यात बसले. त्या आठवड्यात मी सरकी नेली होती. आमच्याकडे साहित्य विकत आणायची गरज फारशी नसते: सरकी, कापसाची वाळलेली बोंडं, तुराट्या, चिंचोके, केळीच्या खोडाचे वाळके पदर. (चिंचोके आणि वाल देताना शेजारीच बसायचं, पोरं ते नाकात घालतात. हे पुस्तकात एका ओळीत आहे, खरं तर पानभर असायला हवं.)

माझ्या वहीतली नोंद जवळपास अशी आहे. क ने बाटलीच्या झाकणाने सरकी भरली. पत्र्याच्या डब्यात ओतली. पुन्हा भरली, ओतली. डबा दोन्ही हातांनी उचलून कानाशी नेला. हलवला. खाली ठेवला. सरकी मुठीने काढली, थोडी ठेवली. पुन्हा कानाशी. हलवला. हसला. मग डबा काठोकाठ भरला, तळहाताने दाबला, हलवला. भुवया वर. स्वतःशीच म्हणाला, "आते नही वाजस." अर्धी सरकी जमिनीवर ओतली. हलवला. "आते वाजस."

दहा मिनिटं होऊन गेली होती, मी लिहीतच राहिले. न बोलणारा मुलगा प्रयोग करत होता, निष्कर्ष काढत होता, आणि तो बोलूनही दाखवत होता. फक्त त्याचं बोलणं अहिराणी होतं आणि अंगणवाडीतली गाणी पुस्तकी मराठीत. ताई स्वतः घरी अहिराणीच बोलतात. पण केंद्रात आलं की 'शुद्ध' बोलायचं, हे त्यांनाही कुणीतरी शिकवलेलं, मलाही. माझ्या मुलांना मीच 'शे म्हणू नको, आहे म्हण' असं सांगत आले. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० म्हणतं की शक्य तिथे निदान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. कागदावर ते सुंदर आहे, पण पाठ्यसाहित्यात अहिराणीचं पान कुठे? मॅडमनी यावर जी युक्ती सांगितली ती मी अजून वापरते. मुलाचं वाक्य दुरुस्त करायचं नाही, त्यालाच धरून पुढचं वाक्य द्यायचं. तो म्हणाला "नही वाजस", तर आपण म्हणायचं, "हो ना, आते नही वाजस. डबा पूर्ण भरला ना, सरकीला हलायला जागाच नाही." त्याचंही ऐकलं जातं, आणि त्याच्या कानावर दुसरंही पडतं.

पुढच्या वेळी ताईंनी सरकीचा डबा हातात घेऊन त्याला विचारलं, "वाजाडू का रे?" तो म्हणाला, "थांब, आखो टाक." म्हणजे अजून टाक. ताई माझ्याकडे बघून हसल्या, मग लगेच ट्रॅकरच्या नोंदीला बसल्या, कारण पर्यवेक्षिका येणार होत्या.

कॉलेजात एकदा एका बालरोगतज्ज्ञांचं व्याख्यान झालं, त्यातली दोन क्ष-किरण चित्रं मी फोनमध्ये घेऊन ठेवली. एक मोठ्या माणसाच्या मनगटाचं, एक साडेतीन वर्षांच्या मुलाचं. मोठ्याच्या मनगटात आठ छोटी हाडं एकमेकांना खेटून बसलेली. मुलाच्या चित्रात तीनचार ठिपके आणि बाकी मोकळी जागा. जन्माच्या वेळी ही हाडं सगळी कुर्चेचीच असतात, मग वर्षानुवर्षं एकेक कडक होत जातं, शेवटचं तर आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान. डॉक्टरांनी लगेच बजावलंही, की फक्त हाडांमुळे लिहिता येत नाही असं सांगत फिरू नका. स्नायू आहेत, डोळा-हाताचा मेळ आहे. शरीराचा ताबा आधी खांद्याला येतो, मग कोपराला, मग मनगटाला, बोटांना सगळ्यांत शेवटी. म्हणून आधी भिंतीवर ओल्या कुंच्याने मोठे फराटे, कणीक मळणं, कपड्यांचे चिमटे लावणं, शेंगा फोडणं. पेन्सिल मागाहून.

सातपुड्यातली भेट चोपडा तालुक्यातल्या पावरा आदिवासींच्या एका पाड्यावर होती. पाठ टाचण तयार होतं: विषय 'लहान-मोठे', साहित्य पाने. तिथल्या सेविकाताई पाड्यातल्याच, पावरी आणि मराठी दोन्ही बोलणाऱ्या. मुलं अखंड बोलत होती, आम्हालाच एक शब्द कळत नव्हता. मी पानांचा ढीग मध्ये ठेवला आणि खुणेने लहान इकडे, मोठी तिकडे असं दाखवलं. पाच वर्षांच्या आसपासची एक मुलगी पुढे झाली, कडेवर धाकटा भाऊ. तिने दोन ढीग केले. पण एका ढिगात लहान-मोठी दोन्ही पानं. मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी तिला विचारलं आणि मला सांगितलं, "ही शेळी खाते ती, ही शेळी खात नाही ती."

वर्गीकरण म्हणजे हेच ना. पुस्तकात आम्ही रंग, आकार, लहान-मोठे असे प्रकार पाठ केले होते. तिने स्वतःचा निकष लावला होता आणि तो माझ्या निकषापेक्षा अवघड होता, कारण तो पानावर दिसत नाही, माहीत असावा लागतो. मग सगळीच मुलं भिडली. कुठलं पान कुठे यावरून भांडणही झालं, एका पानावर दोन मतं होती, ते शेवटी बाहेर नेऊन शेळीपुढे धरलं. शेळीने खाल्लं. माझं टाचण पिशवीतच राहिलं आणि ताराबाईंची ती परीक्षेपुरती पाठ केलेली कुरणशाळा मला तिथे उभ्याउभ्या समजली. वहीत ही नोंद दोन पानं झाली. लाल गोल एकही नाही, हे मुद्दाम सांगते, कारण बढाई मारायला वर्षभरात दुसरं फारसं काही नव्हतं.

परीक्षा एप्रिलमध्ये. जळगावचा एप्रिल कसा असतो ते इथल्यांना सांगायला नको. वर पत्रा, पंखा गरम वारा फेकतोय, आणि बाहेरून आलेल्या परीक्षक बाई वही उघडून बसलेल्या. माझा पाठ गोष्टीचा होता, काठीच्या बाहुल्या हातात. कोल्हा विहिरीपाशी आला तेवढ्यात गल्लीत लग्नाची वाजंत्री. सगळी मुलं खिडकीला. मीही बाहुल्या ठेवून खिडकीपाशी गेले, नवरदेव दिसेपर्यंत सगळ्यांनी बघितलं, मग तिथेच खाली बसून कोल्ह्याला वरातीत नाचायला पाठवलं आणि गोष्ट पुरी केली. तोंडी परीक्षेत बाईंनी विचारलं, वर्गनियंत्रण सुटलं असं वाटलं नाही का? मी म्हटलं, वाजंत्री माझ्या गोष्टीपेक्षा चांगली होती. त्या हसल्या का ते दिसलं नाही, खाली मान घालून लिहीत होत्या. पण त्या पाठाला गुण बरे मिळाले. थर्माकोलच्या झाडाला त्याहून जास्त मिळाले, ही वेगळी गोष्ट. निरीक्षण वहीला सगळ्यांत कमी गुण ठेवलेले असतात. अभ्यासक्रम ठरवणाऱ्यांना कुणीतरी हे विचारायला पाहिजे.

पैशांचं स्पष्ट सांगते, कारण ते कुणी सांगत नाही. टीचर झाले म्हणून पगार फार वाढला नाही. खासगी बालवाड्यांत तालुक्याच्या ठिकाणी जो पगार देतात त्यात घर चालत नाही, घराला हातभार लागतो. वर्षाची फी आणि येण्याजाण्याचा खर्च भरून निघायला वेळ लागतो. नोकरीसाठीच जायचं असेल तर अंगणवाडीच्या भरतीवर आणि मोठ्या शहरातल्या शाळांवर नजर ठेवा.

जूनमध्ये नर्सरीचा वर्ग हातात आला तेव्हा चार रेघी वह्यांचे गठ्ठे आधीच येऊन पडले होते, तीन वर्षांच्या पोरांसाठी. पालकसभेत मी नर्सरीत लेखन घेणार नाही म्हटल्यावर थोडी कुजबुज झाली. मागे उभे असलेले एक भाऊ, ट्रॅक्टर चालवतात, म्हणाले, "ताई, बाकी बठ्ठं बेस शे, पन आमना पोऱ्या लिखाले कव्हय लागी?" मी फोनमधली ती दोन चित्रं त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती मोठी करून पाहिली, शेजाऱ्याला दाखवली, मग स्वतःचं मनगट उलटसुलट केलं. एका आजीबाईंनी विचारलं, हाडं कच्ची आहेत तर दूध जास्त द्यायचं का? मी म्हटलं, दूध द्याच, पण शेंगा पण फोडायला द्या. त्यावरून शेंगा, ठेचा आणि कणीक मळणं यावर बराच वेळ बोलणं झालं, आणि लेखनाचा विषय दिवाळीनंतर पुन्हा काढू यावर सभा उठली.

संस्थाचालक काका मात्र एवढ्यावर मानेनात. वह्यांचे पैसे पालकांकडून घेतलेले, शेजारच्या शाळेतली पोरं एबीसीडी लिहितात. शेवटी तोड निघाली ती अशी की वह्या वापरायच्या, पण रेघा बघायच्या नाहीत. मुलांनी त्यांवर खडूने जे काय काढलं ते काढलं, मी पानाच्या कोपऱ्यात तारीख आणि मूल काढताना काय बोललं ते लिहिलं. 'ही विहीर. यात मोटर पडली.' 'ही आजी झोपली, म्हणून आडवी.' पालकांना या वह्या घरी दिल्या तेव्हा त्यांनी चित्रांपेक्षा ती वाक्यं जास्त वाचली. यंदाच्या यादीत नर्सरीला चार रेघी वही नाही, कोऱ्या कागदांचा गठ्ठा आणि जाड खडू आहेत. ज्युनिअरच्या यादीवरून काकांशी अजून चालू आहे.